नव्वद सेकंदांचा धवला

रोह्याची मनस्वी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिल्या आठ जणांत पोचली, तेव्हा कार्यक्रमात लग्नगीतांचा आठवडा जाहीर झाला. प्रत्येकाने आपल्या भागातलं गाणं आणायचं होतं. तिला लगेच हौसाआत्या आठवली.

तिच्या वडिलांची ही बहीण पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी गाणारी, होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून सगळे विधी तिच्या धवल्यांवर चालत. वाद्य नाही, घाई नाही, नुसता आवाज.

"शिकवते गो," आत्या म्हणाली, "पन धवला मांडवातला हाय. त्याच्यात देवांना बोलावतात. ढोल नको लावू, न् मधेच तोडू नको."

"नाय तोडणार," मनस्वीने शब्द दिला.

तालमीत संगीत संयोजकाने ऐकून घेतलं. "छान आहे, पण झोप येते. नव्वद सेकंदांत बसवू. ढोल घेऊ, मागे नाचणाऱ्या मुली." मनस्वी बोलणार होती. पण आदल्याच आठवड्यात ती सगळ्यात कमी मतं मिळालेल्या दोघांत होती. तिने मान डोलावली.

चित्रीकरणात ती देवांची नावं घेत असताना सूत्रसंचालकाने एका नाचणारीची ओढणी डोक्यावर ओढून म्हातारीची नक्कल केली. परीक्षक हसले. कॅमेरा तिच्याकडे वळला, तशी मनस्वीही हसली.

गुरुवारी आकडे आले. त्या सीझनचा सगळ्यात मोठा टीआरपी तिच्या भागाला मिळाला होता. केक कापला गेला. पुढचा आठवडा जुन्या डिस्को गाण्यांचा. त्यात तिला मतं कमी पडली आणि मनस्वी स्पर्धेबाहेर गेली.

मे महिन्यात आत्याच्या शेजारच्या सुरभीचं लग्न निघालं. हळदीला डीजेवाल्याने मनस्वीचाच धवला लावला. पोरी नाचायला लागल्या. आत्या कुठे दिसेना. शेवटी ती मागे, जेवणाच्या मांडवात, विळीवर भोपळा चिरताना सापडली.

"आत्या, तू इथे? गायला नाय बोलावलं?"

"बोलावला व्हता. मंग सुरभीची आय बोलली, पोरांना तुजा आवडतो. माजा लय लांबतो." आत्याने मान वर केली नाही. "मी बगला गो टीवीवर. ढोलाचा काय नाय वाटला. पन तू बी हसलीस."

"चुकलं माझं," मनस्वी म्हणाली. डीजेच्या आवाजात आत्याला ते ऐकू गेलं की नाही, तिला कळलं नाही.

तेव्हापासून ती महिन्यातून एकदा तरी एसटीने आत्याकडे जाते. आत्या चहा करते, कोणाची सून बाळंत झाली ते सांगते. पूर्ण धवला शिकव म्हटलं, की म्हणते, "आता आठवत नाय गो."

परवा ती पोचली तेव्हा आत्या मागच्या दारी वाल सोलत एकटीच गात होती. मनस्वी पडवीतच उभी राहिली. दोन कडवी ऐकली असतील. मग कुत्रा भुंकला, आत्याने वळून पाहिलं, आणि "आलीस काय गो?" म्हणत ती चहा ठेवायला उठली.