आधी बोलंल त्यो हरला

गुन्हेगार जगाच्या पाठीवर कुठंही दडून बसो, गहिनीनाथ जमादारांच्या नजरेला नजर भिडली की तो पोपटासारखा बोलणारच! हा सिद्धांत खुद्द जमादारांचा. एकतीस वर्षांच्या नोकरीत ती नजर दोनदा लागू पडली होती, आणि त्यातला एक सायकलचोर सायकल परत करायलाच ठाण्यात आला होता. दुसरं ते घोडेगावच्या बाजारातलं बैलप्रकरण. चोराकडं तासभर नुसतं रोखून बघून जमादारांनी बैल मिळवला होता म्हणे. चोराचं नाव कागदावर कधी आलं नाही, पण जमादारांना शाल मिळाली. निवृत्तीनंतर ती ऐन चैत्रातसुद्धा खांद्यावरून उतरत नसे.

चौऱ्याण्णव साली ही शाल धोक्यात आली. कारण, गुरांचा दलाल छगन याच्या ओट्यावरचा रंगीत टीव्ही. दर मंगळवारी संध्याकाळी धारा उरकल्या की गाव तिथं जमायचं आणि खुनाच्या तपासाची मालिका लागायची. त्यातला इन्स्पेक्टर संशयिताला चहा पाजायचा, मग गप्प बसून त्याच्याकडं बघत राहायचा. संशयित घामाघूम होऊन कबुली द्यायचा.

"ह्याला आमच्या ठाण्यात झाडू मारायलाबी ठेवला नसता," जमादार म्हणायचे. "केस बघा. कंगवा खिशात घालून खुनाचा तपास करतंय येडं."

पण खुनी कोण, ते दर खेपेला छगनच आधी सांगायचा. सलग अकरा मंगळवार! जमादारांचे अकराही खुनी निर्दोष सुटले. दोघांचा तर त्याच भागात स्वतःचाच खून झाला.

"छगनसाहेब, आज कोन?" लोक विचारू लागले. तो 'साहेब' जमादारांना शालीखाली डसला. उद्या हेच लोक बैलप्रकरणही विसरतील!

बाराव्या मंगळवारी त्यांनी टीव्हीकडं पाठ करून छगनसमोर खुर्ची ओढली.

"छगन, तू कुठून तरी आधी ऐकून येतोस. आज सगळ्यांसमोर कबूल करवतो. चहा घे, अन् बघ माझ्याकडं."

"हे तर आमच्या बाजारावानीच हाय की," छगन म्हणाला. "पंच्याखाली बोटं धरायची अन् गप बसायचं. आधी बोलंल त्यो हरला."

"मंजूर!"

छगननं खांद्यावरचा पंचा दोघांच्या हातांवर टाकला. पंचवीस वर्षं या माणसानं पंच्याखाली बोटं दाबून गुरांचे सौदे केले होते, आणि वर तोंड असं, की जणू आत हातच नाहीत. जमादारांनी बोटं घट्ट धरली, नजर रोखली.

पाच मिनिटं गेली. छगनचं तोंड रवंथ संपलेल्या म्हशीसारखं. त्याची नजर जमादारांच्या कानाजवळून आरपार जात होती, कधी डाव्या, कधी उजव्या. इतक्या तुच्छतेनं तर मोठ्या साहेबांनीही कधी बघितलं नव्हतं. ह्याला सगळं ठाऊक आहे, जमादारांना वाटलं. शालीत घाम फुटला. मागं टीव्हीतला इन्स्पेक्टरही गप्प झाला, नुसता ढोल वाजत राहिला. ढम्म... ढम्म...

"बैल आपल्या पायानं आल्ता!" जमादार ओरडले.

लोकांच्या माना टीव्हीवरून जमादारांकडं वळल्या.

"चोर न्हवताच. दावं सुटून गेल्ता, सकाळी एकटाच माघारी निघाल्ता. मी वाटंत धरला, ठाण्यामागं बांधला, अन् साहेबाला सांगितलं, चोराला बोलता केला म्हणून..."

बायकांत त्यांची बायको बनुबाई बसली होती. तिनं शालीकडं एकवार बघितलं.

"अन् मी ती दर दिवाळीला हातानं धुती," ती म्हणाली. "येगळ्या बादलीत."

जमादारांनी शाल उतरवली, घडी केली, मांडीवर ठेवली. छगननं पंचा काढून घेतला.

"बैल आमचाच हुता न्हवं, जमादार. दावं मीच ढिलं बांधल्तं. मला त्याच दिशी ठावं हुतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कुनी इचारलंच न्हाई." छगननं मान लांब करून जमादारांच्या मागं बघायचा पुन्हा एक प्रयत्न केला. "आता हरलाच हायसा, तर तेवढी खुर्ची बाजूला घ्या. खुनी घावतोय, अन् तुमच्या डोक्यापायी मला निम्माच दिसतोय."