एकुलत्या लेकीसाठी विनंती

शिंपीणबाईंच्या प्रार्थनेला चर्चच्या मंडळीत तोड नव्हती. बुधवारच्या महिला सभेत त्या डोळे मिटून "हे दयाळू पित्या" म्हणाल्या की पाळकबाईसुद्धा रुमाल शोधायच्या. त्या बुधवारी मात्र कोणाचे गुडघे, कोणाचं गळकं छप्पर, असल्याच विनंत्या चालल्या होत्या. कोणाच्या डोळ्यांत टिपूस नाही. बाईंना राहवलं नाही. त्या उठल्या आणि म्हणाल्या, एका लेकीची कूस दुसऱ्यांदा रिकामी झालीय, तिच्यासाठी प्रार्थना करा. नाव त्यांनी घेतलं नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. पण बाईंना लेक एकच, आणि सांगताना हुंदका आला तोही त्यांनाच. सगळ्याजणी रडल्या. खरं सांगायचं तर बाईंना बरं वाटलं.

लेकीने हे आदल्याच दिवशी, स्वयंपाकघरात, आईच्या कुशीत तोंड खुपसून सांगितलं होतं. तोवर तिच्या नवऱ्याशिवाय कोणाला पत्ता नव्हता.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आठवडा सरायच्या आत तिथे सभेतल्या आमेनआजी पोचल्या. कोणाचीही प्रार्थना संपायच्या आधी आमेन म्हणायची त्यांना घाई, म्हणून हे नाव. भरल्या दुकानात, मालकासमोर, त्यांनी लेकीच्या पोटावर हात ठेवला आणि मोठ्याने आशीर्वाद मागितला. मनाने वाईट नव्हत्या बिचाऱ्या.

त्या संध्याकाळी लेक आईकडे आली ती बसलीसुद्धा नाही. बाई घाईघाईने सांगू लागल्या, की देवाच्याच कानावर घातलं ना गं, परक्याच्या नाही.

"देवाला मी सांगितलं होतं, आई," लेक म्हणाली. "तुला सांगितलं ते आई म्हणून."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी क्षमा मागितली, लेक "बरं" म्हणाली. येणंजाणं चालू राहिलं, पण बोलणं हवापाण्यापलीकडे जाईना. पुढच्या बुधवारी बाई सभेत आपलं पाप कबूल करणार होत्या. अर्ध्या उठल्याही. मग लक्षात आलं, की त्यातही चर्चा लेकीचीच होणार आणि वाहवा आपली. त्या मुकाट खाली बसल्या.

कितीतरी महिन्यांनी लेक कामावरचा ड्रेस घेऊन आली. कमरेत सैल करून हवा होता. बाईंनी तिच्या कमरेभोवती टेप धरली आणि त्यांचा हात थबकला. जन्मभर बायकांची मापं घेतलेली बाई ती, वाढलेलं अंग कुठलं आणि वाढणारा जीव कुठला, हे तिच्या बोटांना कळणारच. आनंद अगदी घशाशी आला. त्यांनी पटकन ओठांत टाचण्या धरल्या. जिभेला हाड नसतं, न जाणो.

लेक आरशातून आईकडेच बघत होती.

"बसून बसून सुटलेय मी," ती म्हणाली. "बुधवारी कोणी विचारलं तर हेच सांग."

पोटच्या पोरीने बातमी द्यायची सोडून आईला बाहेर सांगायचं खोटं पढवावं, ही वेळ आपणच आणली. बाईंची नजर वर होईना. टाचण्या तशाच ओठांत धरून त्यांनी मान हलवली आणि शिवण उसवायला घेतली. देवाला जे सांगायचं ते मनातल्या मनात सांगितलं, तेही चोरासारखं.