रांगेतला सातवा बॅरल

मी एक जुना बॅरल आहे, आणि या देशातली लोकशाही माझ्या खांद्यावर उभी आहे. मित्रांनो, बॅरलला खांदे नसतात हे मला ठाऊक आहे. लोकशाही उभी आहे की बसली आहे, हेही जत तालुक्यातल्या आमच्या गावातून नीट दिसत नाही. तरी सुरुवात जरा जोरात करावी म्हणून तसं म्हटलं. खरं सांगायचं तर या घटकेला माझ्या पोटात दीड बादली पाणी आहे आणि त्यात एक बेडूक राहतो.

मला समजू लागलं तेव्हा मी सांगलीला, ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात उभा होतो आणि माझ्या पोटात दोनशे लिटर वंगण होतं. शेजारी हळदीची वखार होती, त्यामुळे माझं एक अंग काळं आणि एक पिवळं असायचं. मेकॅनिक लोक मला फार मान देत, म्हणजे माझ्यावर डबा ठेवून जेवत. वंगण संपलं तसा मानही संपला. मला मागच्या अंगणात टाकलं. तिथे मी दोन वर्षं आडवा पडून होतो आणि एक मांजर माझ्यात बाळंत झालं.

त्याच सुमाराला भाऊसो हवालदार फौजेतून पेन्शन घेऊन सांगलीवरून गावी परतत होते. गावात टँकरनं पाणी येतं, तेव्हा घरी बॅरल हवा, असं त्यांच्या मंडळींनी पत्रातून कळवलं होतं. त्यांनी मला उचललं आणि एसटीच्या टपावर घालून जतला आणलं. त्यांच्या मंडळी, म्हणजे हरणाबाई, यांनी मला राख, चिंच आणि सोडा लावून आठ दिवस घासलं. तरीही पुढचे दोन महिने त्या घरच्या चहाला वंगणाचा वास येत असे. त्या काळात पाहुणे कमी आले, एवढाच काय तो फायदा.

आमच्या गावची रीत तुम्हांला सांगायला हवी. टँकर दिवसाआड येतो. त्याच्यासाठी शाळेच्या भिंतीपासून बाभळीपर्यंत बॅरलांची रांग असते. माणसं घरी असली तरी चालतं, बॅरल रांगेत म्हणजे घर रांगेत. टँकरमध्ये पन्नास बॅरल पाणी मावतं आणि गावात बॅरल आहेत बासष्ट. शेवटच्या बाराजणांनी दीड मैलावरच्या ओढ्यात झऱ्याला घागर लावायची. आमचा नंबर सातवा होता. हरणाबाईंनी तो भाऊसो सीमेवर असतानाच, एका भल्यामोठ्या रांजणाच्या जोरावर मिळवला होता. पुढे रांजण फुटला आणि त्या जागेवर मी आलो. आणखी एक नियम होता: ज्यानं जागा सोडली त्याची जागा गेली. पुन्हा यायचं तर बाभळीपाशी, शेवटी.

मग ती शहाण्णवची निवडणूक आली. फौजेत असताना भाऊसोंचं मत टपालानं जायचं आणि ते पोचतं की नाही, अशी त्यांना कायम शंका असे. आता ते पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पेटीत टाकायचं होतं. म्हणून ते सकाळीच दाढी करून, बिल्ले लावून शाळेत गेले. त्या दिवशी शाळेपाशी दोन रांगा होत्या, एक मतदारांची आणि एक आमची. दोन्ही सारख्याच हलत होत्या. दहाच्या सुमाराला टँकर आला आणि क्षणात मतदारांची रांग नाहीशी झाली. मिरजेहून आलेले मतदानाचे साहेब घाबरून बाहेर आले, दंगल झाली असं त्यांना वाटलं. मग तेही तांब्या घेऊन टँकरकडे गेले. रांगेत उरले एकटे भाऊसो. हरणाबाई मला भरता भरता तिकडून म्हणाल्या, "तुमी मत द्या, मी पानी भरते. दोनी कामं व्हायला पायजेत."

सगळं गाव पळालं आणि आपण ठाम राहिलो, याचा भाऊसोंवर फार परिणाम झाला. त्यांनी मत कुणाला दिलं हे मला माहीत आहे, पण मतदान गुप्त असतं.

काही दिवसांनी रेडिओनं सांगितलं की दिल्लीत सरकार बदललं. भाऊसोंनी चहा अर्धा ठेवला, तडक रांगेत आले आणि मला आडवा करून घराकडे ढकलत निघाले. मागून हरणाबाई धावत आल्या.

"आवं, बॅरल कुठं निघाला?"

"घरी. नवं सरकार आलंय. आता टँकरच्या मागं पळायचं म्हंजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं हाय. आपल्याला नळ येनार."

"सरकार दिल्लीत बदललंय. टँकरचा डायवर त्योच हाय."

नुकताच टँकर घेऊन आलेला तो ड्रायव्हर, अर्जुना, हे ऐकून स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. भाऊसो मात्र थांबले नाहीत. फौजेत सकाळी निघालेल्या हुकमाची संध्याकाळी तामिली होते, आणि चोवीस वर्षं त्यांनी दुसरं काही पाहिलं नव्हतं. आम्ही वळणावर पोचलो नाही तोच आठव्या नंबरच्या शालूबाईंचा बॅरल आमच्या जागेवर जाऊन उभा राहिला. एरवी त्याला हलवायला तीन माणसं लागत.

दारात मला पालथा घालून माझ्या पाठीवर रेडिओ ठेवण्यात आला. सरकारचा नळ आला तर नुसत्या खोदाईसाठी उशीर नको, म्हणून भाऊसोंनी रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत पाइपासाठी चर खणायला घेतला. दोरी लावून, गुडघाभर खोल, चाळीस फूट. मित्रांनो, मी बरेच खड्डे पाहिले आहेत, पण इतका सरळ खड्डा पाहिला नाही. येणारेजाणारे विचारत, "हवालदार, लढाई कुनाशी?" ते सांगत की बंदोबस्त आधी करून ठेवलेला बरा.

हरणाबाई रोज ओढ्यावर जात. डोक्यावर एक घागर, कडेवर एक. मुरूम खणणाऱ्याला तहान फार लागते. त्यामुळे एक घागर भाऊसोंची आणि दुसऱ्या घागरीत सहा शेळ्यांसकट सगळा संसार. पालथ्या बॅरलला फार दिसत नाही, पण ऐकू येतं. संध्याकाळी त्या टेकायला माझ्याजवळ येत, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू येई.

तेराव्या दिवशी चर उंबऱ्याला भिडला. त्याच दिवशी माझ्या पाठीवरच्या रेडिओनं सांगितलं की सरकार गेलं. भाऊसो चरातच उभे होते. त्यांनी रेडिओ बंद केला, थोड्या वेळानं पुन्हा लावून पाहिला आणि पुन्हा बंद केला. समोरून हरणाबाई घागरी घेऊन येत होत्या. एवढ्या दिवसांत त्या येताना भाऊसोंनी मान वर करून पाहिलं, असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी बाहेर येऊन डोक्यावरची घागर उतरवून घेतली.

"हरणे, चुकलं माजं."

हरणाबाईंनी चराकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "चर सरळ आलाय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊसोंनी मला सुलटं केलं आणि सगळ्या गावादेखत ढकलत बाभळीपाशी नेलं. कुणी नळाला पाणी किती जोरात येतं ते विचारलं, कुणी चरात मासे सोडायचा सल्ला दिला. शालूबाई ओशाळून म्हणाल्या, "तुमीच जागा सोडली, भावजी. मी काय ढकलून घेतली न्हाई." भाऊसो म्हणाले की नियम म्हणजे नियम. ते माझ्या शेजारी उन्हात सावधान उभे राहिले. पन्नासाव्या बॅरलपाशी टँकर संपला. मग त्यांनी घरून दोन्ही घागरी आणल्या आणि ओढ्याची वाट धरली. तेव्हापासून पाणी तेच आणतात.

त्यानंतर दोन वेळा देशात निवडणूक झाली. एक अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला आणि एक यंदा पावसाळ्यात, म्हणजे कॅलेंडरातल्या पावसाळ्यात. दोन्ही वेळा भाऊसो बिल्ले लावून गेले. मधल्या काळात गावातली तेरा घरं कुलूप लावून सांगली-मिरजेला कामाला गेली आणि त्यांचे बॅरल रांगेतून निघाले. याला विकास म्हणतात की काय मला माहीत नाही, पण आमचा नंबर बासष्टवरून एकोणपन्नासावर आला. गेल्याच महिन्यात. टँकरचं पाणी पन्नासापर्यंत पुरतं, हे तुम्हांला सांगितलंच आहे.

यंदाचा निकाल लागला त्या दिवशी रेडिओ ऐकून भाऊसो रांगेकडे आले. माझ्या काठावर त्यांनी हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत तीच चमक होती. मला घाम फुटला; पत्र्याला फुटतो तेवढा. तेवढ्यात मागून हरणाबाई आल्या.

"बॅरलला हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "चर निम्मा बुजलाय, त्यो उपसा जावा. नळ आलाच तर वाट घावली पायजे त्याला."

भाऊसोंनी जरा विचार केला, हात काढला आणि फावडं आणायला गेले. हरणाबाईही त्यांच्या मागून गेल्या, दोरी धरायला.

तर मित्रांनो, मत देत जा. चर खणत राहा. आणि आमच्यासारख्या जुन्या पत्र्याची काळजी घ्या. आता आणखी मोठं काही बोलणार होतो, पण परवापासून माझ्या तळाला मोहरीएवढं भोक पडलं आहे. गळका बॅरल सापडला तर गाव त्याला रांगेतून काढतं आणि हे अजून कुणाला कळलेलं नाही. टँकर उद्या येणार आहे. तुमच्या मोरीत झिजलेल्या साबणाची एखादी चिपटी पडली असेल, तर येता येता माझ्या तळाच्या भोकात दाबून द्याल का? कुठलाही साबण चालेल.