न विचारता होणारं काम

टक् करून फ्रिजचा स्टॅबिलायझर बंद पडला आणि पुष्पांजलीचा हात आपोआप सेव्हच्या बटणावर गेला. पलंगावर चार वर्षांची मंजू कुशीवर वळली, पण उठली नाही. फुलचूरच्या त्या दोन खोल्यांत दुपारी दोन ते चार एवढीच काय ती शांतता. लेक निजली की आईने काम उरकायचं.

काम होतं देवरी तालुक्यातल्या अकरा शाळांच्या संगणकांवर घरबसल्या मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चढवायचं. एरवी चढताना ते दहा गोष्टी विचारतं. भाषा कोणती, कुठे ठेवू, अटी मान्य आहेत का. समोर बसून कोणीतरी 'पुढे', 'पुढे' दाबत राहायचं. पुष्पांजलीने या सगळ्यांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून पॅकेजसोबत बांधून दिली होती. नेटवर्कवरून जायचं, गपचूप चढायचं, कुणाला विचारायचं नाही, पडद्यावर काही दाखवायचंही नाही.

दहा शाळांत चढलं. अकराव्या, चिचगडच्या शाळेत मात्र नऊच्या नऊ संगणकांवर दोनदा अर्धवट राहिलं.

सकाळीच साहेबांचा, धर्मेंद्रचा फोन येऊन गेला होता. "मॅडम, आज नहीं हुआ तो सोमवारी चिचगडला जा. चार-पाच दिवस तिथंच राहावं लागेल. जमत नसेल तर सांगा, जायला मुन्ना आहेच."

मुन्ना आहेच, म्हणजे पुढची कामंही मुन्नाचीच. आणि मंजू तर अजून आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हती. आताही ते टोक तिच्याच मुठीत होतं, म्हणून खुर्ची पलंगाला चिकटवून ठेवलेली.

स्टॅबिलायझर परत टक् करून चालू झाला. पुष्पांजली त्याच्याकडे बघत राहिली. इथे करंट गेला तर आपण सेव्ह तरी करतो. तिथे?

तिने हळू आवाजात शाळेच्या शिपायाला फोन लावला. "बकारामकाका, दुपारी संगणकाच्या खोलीत काय होते, जरा सांगा."

"काय होते? काहीच नाही होत. दोन वाजता क्लास सुटला का मी जातो. मशीनी चालू, पडदे रिकामे, समोर कोणीच नाही. करंट बी कमीजास्त होऊन राहिला आजकाल. मेन स्विच पाडतो अन् कुलूप लावतो."

"अहो काका, त्याच टायमाले माझं काम चालू असते ना!"

"मंग सांगाले काय झालं त्याले? मुक्यानं बसलं तं मले कसं समजन, काम करून राहिलं का झोपून राहिलं?"

तिला हसू आलं. चूक काकांची नव्हतीच. दोनची वेळ तिनेच लावलेली, मंजूच्या झोपेची. आणि विचारू नको म्हणता म्हणता तिने पॅकेजला पार मुकं करून टाकलं होतं. तिने एवढंच बदललं: प्रश्न नाहीत, पण काम किती झालं ते दाखवणारी पट्टी दिसू दे. पट्टीच्या वर आधी लिहिलं, 'कृपया संगणक बंद करू नये.' मग ते खोडून ठळक अक्षरांत लिहिलं, 'काम चालू हाये. बंद नोका करू.'

काकांना कुलूप उघडून मेन स्विच परत लावायला सांगितलं आणि पॅकेज पुन्हा पाठवलं. "काका, दिसलं का?"

"आली, आली. हिरवी पट्टी सरकून राहिली. हे बेस केलं पोरी. आता मी काय करू?"

"बसा फक्त."

"बसतो. तंबाखू घोटतो तोवर."

चौथा संगणक झाला, पाचवा झाला. मंजू उठून बसली. "आई..." पुष्पांजलीने ओठांवर बोट ठेवलं. मंजू ओढणी धरून गप बसली. आठवा. नववा जरा रेंगाळला, मग तोही हिरवा झाला. तिने धर्मेंद्रला कळवलं. त्याचा नुसता अंगठा आला. सोमवार सुटला.

"आता बोल," तिने मंजूला मांडीवर घेतलं.

"तू काय करत होती?"

"काम्पुटरला काम सांगत होते. त्याला काहीच विचारावं लागू नये, म्हणून सगळी उत्तरं आधीच लिहून दिली."

मंजूने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"पण आई, त्याले विचारावंसं वाटलं तं?"