सर कुठल्या कारखान्यावर गेले

शनिवारी सकाळी दादांनी चहात साखर जास्त घातली म्हणून धनश्री त्यांना बोलली, आणि दादांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. जामखेडच्या त्या घरात दोघांचं असंच चालायचं. दादा, म्हणजे आसाराम सानप, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. धनश्री त्यांची एकुलती लेक. पुण्याला कॉलेजात शिकवायची, सुट्टी मिळाली की यायची. आई तिच्या लहानपणीच गेलेली.

"येतीस का मंत्रशाळेत?" दादांनी विचारलं.

"बघायला येते. खेळणार नाही."

"तुला घेतंय कोण खेळायला? पोरं म्हणतात, ताई लई विचार करतात, तवर राक्षस जेवून जातो."

ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी गावाबाहेर हंगामी वसतिगृह चालायचं. दिवाळी झाली की आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरची निम्मी घरं कुलूप लावून श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यांवर, नाहीतर आणखी लांब निघत. मागं राहिलेली पोरं इथे. दर शनिवारी दुपारी दादा सतरंजीच्या मधोमध बसत आणि मंत्रशाळा, म्हणजे जादूची शाळा, भरे. खेळ सोपा होता. प्रत्येक पोर त्या शाळेचा विद्यार्थी. कुणात ताकद किती, अक्कल किती, धाडस किती, ते ज्याच्या त्याच्या कागदावर. दादा गोष्ट सांगत, काय करायचं ते पोरं ठरवत, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगे. फासा धनश्रीनंच पुण्याहून आणून दिला होता.

त्या दिवशी विहिरीतून राक्षस निघाला. कानिफ, तेरा वर्षांचा, पुढं सरसावला. "सर, मी कोयता मंतरून फेकतो."

"फेक. चौदाच्या वर पाहिजेत."

तीन पडले.

"मेला! कानिफ्या मेला!" निकिता टाळ्या पिटत ओरडली.

"आपल्या शाळंत मरत नाही कुणी," दादा म्हणाले. "गेला म्हणायचं. गेलेल्याला बोलावता येतं. कुणीतरी वीस पाडले की आला परत."

"ही तर चीटिंग हाय, सर."

"हाय तर हाय. तुझी पाळी आली की कळंल."

सात वर्षांची राही दादांच्या गुडघ्याला टेकून बसली होती. बाकीच्यांनी उडणं, गायब होणं, आग ओकणं असल्या विद्या घेतलेल्या. हिनं घेतली होती लांबचं ऐकू येण्याची. राक्षस समोर असला तरी ती मधेच डोळे मिटून कान टवकारायची आणि दादा खेळ थांबवून तिला विचारायचे, "काय म्हणती आई?" राही सांगायची, "भाकरी करती." मग राक्षस पुढं सरके.

परतताना धनश्री म्हणाली, "दादा, ज्या गोष्टीत कुणी मरत नाही ती गोष्ट खोटी असते."

"असंल. तू पुस्तकं वाचलीस." ते थोडं चालले. "यांचे आईबाप उसात आहेत. बिबट्या हाय, ट्रॅक्टर हाय, साप हाय. पोरांच्या मनात रोज काय येत असंल? ते मी खेळात पण आणू?"

तिला उत्तर होतं, पण दादांना दम लागला होता, म्हणून तिनं चाल हळू केली.

रविवारी सकाळी पेपर वाचता वाचता दादा खुर्चीतच कलंडले. दवाखान्यात नेलं, पण न्यायचं म्हणून नेलं.

मग माणसं आली. कुणी म्हणालं वारले, कुणी म्हणालं सुटले, सोनं झालं. दवाखान्याच्या कागदावर मयत लिहिलं होतं. धनश्री फोनवर सगळ्यांना एकच सांगत होती, "दादा गेले." आवाज न हलता सांगत होती. लोकांना तिचं कौतुक वाटलं.

दहाव्याला पिंड ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. "कशात जीव अडकला नव्हता माणसाचा," चुलते समाधानानं म्हणाले. कशात म्हणजे कशातच नाही. तिच्यातसुद्धा नाही. ती पाण्याकडं बघत उभी राहिली. मरणाबद्दल तिनं किती वाचलं होतं, वर्गात किती शिकवलं होतं. त्यातलं एक वाक्य जवळ आलं नाही. घरी येऊन ती दारं लावून बसली. पुण्याला जावंसं वाटेना, इथं राहवेना. भांडी तशीच पडून राहत. संध्याकाळ झाली की दिवा लावायचा हेही तिला अंधार पडल्यावर आठवे, आणि मग वाटे, कशाला.

पुढच्या शनिवारी वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या लंकाबाई आल्या. "ताई, पोरं सतरंजी टाकून बसलीत. मागल्या शनवारी पण बसली हुती. म्या उठवलं तर उठंनात."

"त्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. सर गेले म्हणून."

धनश्री फासा आणि कागद घेऊन निघाली, ते देऊन लगेच परतायचं या बेतानं. पण पोरांनी मधली जागा रिकामी ठेवली होती, आणि ती आत येताच सगळी सरकली. ती बसली. गोष्ट सुरू केली. कुठला तरी डोंगर, कुठली तरी गुहा. तिचं तिलाच ऐकवेना.

"राक्षसाचा आवाज काढा की," निकिता म्हणाली.

"मला येत नाही."

"मग निस्तं गुरगुरा."

ती गुरगुरली. कुणी हसलं नाही. कानिफनं दया येऊन म्हटलं, "चालतंय, ताई."

राही तिच्या गुडघ्याला टेकली नव्हती. समोर बसून निरखत होती. पाळी आली तशी म्हणाली, "ताई, सर कुठल्या कारखान्यावर गेले?"

कानिफ एकदम कागदावर काहीतरी खोडायला लागला. निकितानं मान खाली घातली. मोठ्या पोरांना माहीत होतं. धनश्रीच्या ध्यानात आलं, की या पोरीच्या घरातलं जे जे माणूस गेलं, ते कारखान्यावरच गेलं होतं, आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत आलं होतं.

"लांब गेलेत," ती म्हणाली.

"म्या ऐकत हुते. ऐकू येत न्हाईत. मग म्या त्यास्नी बोलवती." राहीनं फासा उचलला. "वीस ना?"

नाही म्हणायचं धनश्रीच्या तोंडून निघालं नाही. "वीस," ती म्हणाली. वीस कुठले पडतात?

सात पडले. धनश्रीनं श्वास सोडला.

राही जराही हिरमुसली नाही. तिनं फासा फ्रॉकनं पुसला आणि ओंजळीत धरला. "उद्या टाकीन. परवा टाकीन. आई येईस्तवर रोज टाकीन. कवा ना कवा वीस पडत्यातच की, ताई. व्हय ना?"

पडणारच होते. रोज टाकले तर पाडव्याआधीच पडले असते, आणि वीस पडल्यावर ही पोर दाराकडं बघत बसली असती. धनश्रीला ते दार दिसलं. तेरा दिवस ती स्वतःही त्याच दाराकडं बघत होती.

"राही, इकडं ये."

"ताई, नका," कानिफ हळूच म्हणाला.

तिनं राहीला जवळ ओढलं.

"वीस पडले तरी सर येणार नाहीत. ते कारखान्यावर गेले नाहीत. सर मेले, राही," ती म्हणाली. मग आवाज फुटला, आणि तिनं ते पुन्हा म्हटलं. "माझे दादा मेले."