महिनाभराचं बोलणं

अंजना कुरकुंभच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. दौंडला दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. नवरा चांगदेव ट्रकच्या अपघातात गेला तेव्हा त्यांची मुलगी गौतमी चार वर्षांची होती आणि तिला ऐकू येत नाही हे कळून जेमतेम वर्ष झालं होतं. सहाव्या वर्षी तिला शिरूरजवळच्या मूकबधिर मुलींच्या निवासी शाळेत घातलं. आता, २००३ साली, ती बारा वर्षांची होती. भेटीचा दिवस महिन्यातला दुसरा रविवार, दुपारी एक ते चार. एसटीने जायला दोन तास, यायला दोन तास.

फोनचा काही उपयोग नव्हता. पत्रं यायची, पण ती फळ्यावरून उतरवलेली असायची. मी बरी आहे, तू बरी आहेस का, एवढंच. गौतमी लहान असताना दोघींनी मिळून काही खुणा केल्या होत्या. भाकरी, पाणी, झोप, थंडी, कामाला जाते, लवकर येते. आई म्हणजे अंबाड्याला पीळ द्यावा तशी बोटं फिरवायची. तेव्हा तेवढ्यात भागायचं. वसतिगृहात मात्र मुलींची आपापसातली भाषा होती, दोन्ही हातांची, भुवयांची, खांद्यांची. गौतमी त्या भाषेत मोठी झाली. भेटीला गेलं की ती पहिली दहा मिनिटं भरभर काहीतरी सांगायची आणि अंजना मान हलवत राहायची. मग गौतमीच्या ध्यानात यायचं. ती हात आवरते घ्यायची आणि सावकाश विचारायची, जेवलीस? बरी आहेस?

सुपरवायझरच्या मुलीच्या वाढदिवसाला अंजनाने एक छोटा कॅमेरा पाहिला. घेतलेलं लगेच टीव्हीवर दिसत होतं, पुन्हा मागे नेऊन बघता येत होतं. पोरीचं बोलणं असं घरी आणता आलं तर महिनाभर बघत बसता येईल, हे तिच्या मनात तेव्हाच आलं. दिवाळीचा बोनस तिने दोन वर्षं तसाच ठेवला होता. पुढच्या भेटीच्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने ती शिरूरला उतरली आणि स्टँडसमोरचं कॅमेऱ्यांचं दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिली.

दुकानदार विश्वजीत तिच्यापेक्षा लहान होता. त्याने विचारलं, "घरगुती पाहिजे, का लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्यात ताई?"

"घरचंच."

"मग हा घ्या. आवाज फार छान येतो. लहान मुलं, मंगलाष्टकं, सगळं स्वच्छ."

"आवाज नको मला," अंजना म्हणाली. "मुलगी हातानं बोलती. बोटं दिसली पायजेत. आन् मधीच थांबवून बघता आलं पायजे."

विश्वजीतने हातातला कॅमेरा खाली ठेवला.  मग कपाटातून दोन कॅमेरे काढून टीव्हीला जोडले. "तुम्हीच बोला काहीतरी. हातानं. दोन्हीत घेतो."

परक्या माणसासमोर तिने कधी खुणा केल्या नव्हत्या. एसटीत, बाजारात ती गौतमीचे हात धरून ठेवायची. तिने पदर सारखा केला आणि ती हातांनी बोलली.

पहिल्या कॅमेऱ्यात चित्र थांबवलं की बोटांवरून पांढऱ्या रेघा पळत. दुसरा नव्या छोट्या कॅसेटचा होता. त्यात थांबवलं तर पाची बोटं मोजता येत होती. शिवाय त्याचा लहान पडदा उलटा फिरायचा, म्हणजे समोरच्यालाही स्वतःला बघता येई.

"झूम कमी आहे ह्याला," विश्वजीत म्हणाला.

"चालंल. मी जवळच बसती तिच्या."

पण ती टीव्हीकडे बघत होती. आपण बोलताना कसे दिसतो हे तिने पहिल्यांदा पाहिलं होतं. सात-आठ खुणा झाल्या आणि हात पुन्हा मांडीवर. आपल्याकडे पोरीला सांगायला एवढंच आहे, असं तिला वाटलं. विश्वजीतने बॅटरी चार्ज करून दिली, बटणं दोनदा समजावली आणि तिला शाळेपर्यंत स्वतःच्या गाडीवर सोडलं.

गौतमीला पडद्यात स्वतःचा चेहरा दिसला आणि ती हरखून गेली. वीस मिनिटं ती थांबली नाही. अंजनाचा उजवा हात कॅमेऱ्यात अडकलेला, त्यामुळे तिला काही बोलता येत नव्हतं. गौतमी मधून मधून भुवया उंचावून काही विचारायची आणि अंजना कॅमेऱ्यामागून मान हलवायची.

त्या महिन्यात अंजनाला कंपनीत सकाळची पाळी होती. दुपारी घरी आली की हातपाय धुऊन ती टीव्हीसमोर बसायची. थोडं बघायचं, थांबवायचं, तसा हात करून बघायचा. एक खूण सारखी येत होती, हनुवटीला दोनदा बोट लावायची. अंजनाने मोजली, सतरा वेळा होती. तिच्या स्वतःच्या हनुवटीवर हिरव्या गोंदणाचा ठिपका होता. म्हणजे पोरीने आपलं नाव बदललं, अंबाड्याऐवजी आता हे, असं तिने ठरवून टाकलं. पॅकिंगच्या पट्ट्यावर खोकी पुढे सरकवताना तिचं बोट आपसूक हनुवटीकडे जाई. सतरा वेळा. वीस मिनिटांत पोर आपलं नाव सतरा वेळा घेते.

पुढच्या भेटीला मुली अजून जेवत होत्या. अंजनाने वसतिगृह सांभाळणाऱ्या सारजाबाईंना कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते बोलणं दाखवलं. त्या वीस वर्षं मुलींमध्येच राहत होत्या.

"हे मी ना?" अंजनाने हनुवटीला बोट लावून विचारलं.

"न्हाई वो. ती सीमा. तिची मैत्रीण. हनुवटीला टाके पडल्यालेत ना तिच्या, म्हनून तसं नाव."

अंजनाने हनुवटीवरचं बोट खाली घेतलं.

"तुमचं हे, अंबाडा. दोनदा आलंय," सारजाबाई म्हणाल्या आणि पडदा जवळ घेऊन पुढचं बघू लागल्या. "सीमाला सुट्टीत न्यायला कुनी येत न्हाई. तिला दिवाळीला दौंडला आनू का, म्हनून इचारतीय. तुम्ही व्हय म्हनालात म्हनं. दोघींनी पेटी भरून ठिवलीय."

"व्हय. म्हनाले मी," अंजना म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत त्या घरात पहिल्यांदाच दिवसभर बोलणं चाललं. अंजना कामावरून यायची तेव्हा दोघी खिडकीशी समोरासमोर बसलेल्या असत. हात चालू, मधेच हसणं. तिला बघून गौतमी उठायची, पाणी आणून द्यायची, जेवलीस का विचारायची आणि परत जाऊन बसायची. अंजना भाकरी थापायची, वाढायची, भांडी घासायची. आपल्याच घरात आपण शेजारून आलेलो आहोत, असं तिला वाटायचं.

सीमा मात्र संध्याकाळी चुलीपाशी येऊन बसायची. ती एकेक वस्तू उचलायची, तिची खूण करायची, अंजनाकडून करून घ्यायची. चुकलं तर बोटं धरून सरळ करायची. गौतमीला एवढा धीर नव्हता. सीमाने पाच दिवसांत तिला पन्नासेक खुणा शिकवल्या. अंजना सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये पदराखाली त्या करत जायची.

सहाव्या दिवशी ती तांदूळ निवडत होती. मुली खिडकीशी होत्या. गौतमीची तिच्याकडे पाठ नव्हती, पण लक्ष नव्हतं. ती सीमाला सांगत होती, आणि अंजनाला ते कळत गेलं, शब्दामागून शब्द. सुट्टीत मी इथे येते. आई कामाला जाते. आई झोपते. इथे बोलायला कोणी नाही. तू आलीस, बरं झालं.

अंजनाने ताट बाजूला ठेवलं.  मग ती उठून खिडकीशी गेली आणि दोघींच्या जवळ जमिनीवर बसली. गौतमीने हात थांबवून तिच्याकडे बघितलं, पाय आखडून घेतले, जागा करून दिली. मग ती सीमाकडे वळली आणि पुढे सांगू लागली, आधीइतकंच भरभर. त्यातलं काही अंजनाला कळलं, बरंचसं नाही कळलं. दिवे लावायची वेळ होईपर्यंत ती तिथेच बसली.