चार अकराला पाठवलं, चार बाराला अप्रतिम

हेमा गेली त्या दिवशी तिच्या ग्रुपवर एक्केचाळीस जणांनी हात जोडले. त्यापलीकडे कोणी काही लिहिलं नाही, कारण ग्रुपचा नियम क्रमांक सात. 'सदस्याच्या निधनाची बातमी फक्त ॲडमिन देतील. इतरांनी हात जोडावेत. शब्दांत श्रद्धांजली वाहू नये, चर्चेचा ओघ तुटतो.'

ओघ तुटला नाही. शेवटचे हात पावणेबाराला जोडले गेले आणि बारा वाजता एका पोलिश सिनेमावरचा वाद पुढे सुरू झाला. त्या सिनेमात एक माणूस दोन तास विहीर खणतो. पाणी लागतं का, हा वाद नव्हता. पाणी लागण्याची वाट बघणाऱ्या प्रेक्षकाला रसिक म्हणावं का, हा होता.

ग्रुपचं नाव 'फक्त रसिक'. पुस्तकं, सिनेमे, गाणी. सुप्रभात बंद, वाढदिवस बंद, राजकारण बंद. हेमा चार वर्षं त्यात होती. मी नव्हतो. मी हडपसरच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला एकतीस वर्षं काढली. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, कोणी दुसऱ्याचं कार्ड पंच केलं, एवढंच माझं वाचन. हेमा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिला वाचायचं वेड होतं, आणि बोलायचं.

संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली होती. टाइप करता येत नसे. बटण दाबून धरून बोलायचं म्हटलं तर बोट मधेच सुटायचं. मग आमच्या मुलानं, तेजसनं, तिला फोनमधला रेकॉर्डर शिकवला. एकदा दाबायचं, हवं तेवढं बोलायचं आणि ती फाईल ग्रुपवर पाठवायची. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, एकदा तर एक्केचाळीस मिनिटं. ती गॅलरीत खुर्चीवर बसून बोलायची आणि मी आत जेवायचा थांबलेला असायचो.

खाली लोक लिहायचे, "अप्रतिम, ताई." "किती सूक्ष्म निरीक्षण!" हेमा खूश व्हायची. एकच माणूस तसं लिहीत नसे. नारायण पेठेतले श्यामसुंदर आगाशे. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. तो लिहायचा, "आपलं विधान साफ चूक आहे. सविस्तर उत्तर सवडीने." आणि सविस्तर म्हणजे सविस्तर. ते वाचून हेमा ताटावरून उठायची.

"अहो, या माणसाला अक्कल कशी ती नाही."

"मग काढून टाक त्याला."

"काढू कशाला? उत्तर देते ना."

तिचं बीपी मी त्या माणसाच्या नावावर टाकलं होतं. हेमा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर ग्रुपची ओळ आली, 'श्यामसुंदर आगाशे यांनी ग्रुप सोडला.' मी मनात म्हणालो, बाई मेल्याचाही मान नाही.

आता माझी चूक सांगतो. मार्चमध्ये हेमाचा फोन म्हणायला लागला की जागा शिल्लक नाही. तो चालू राहावा अशी माझी इच्छा होती. मी बसलो साफ करायला. फोटो ठेवले. एका फोल्डरमध्ये दोनशे बारा फाइली होत्या, नावं नुसती तारखांची, जागा सगळ्यात जास्त खाणाऱ्या. काढल्या. दुसऱ्या दिवशी चहा ओतताना कळलं की हेमाचा आवाज त्यातच होता. घरात दुसरीकडे कुठेच नव्हता. तेजसच्या लग्नाच्या व्हिडिओवर सबंध संगीत लावलेलं आहे, माणसांची नुसती तोंडं हलतात.

तेजसला खराडीहून बोलावून घेतलं.

"बाबा, डिलीट केल्यावर बिनमध्ये असतात. तिथून काढू."

"तिथूनही काढल्या."

"का?"

"साफ करायचं तर पूर्ण करायचं."

तो बराच वेळ फोन उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "ग्रुपवाल्यांकडे असतील की. एक्केचाळीस जणांना गेल्यात. चिल."

म्हणून मी सकाळी हेमाच्याच फोनवरून ग्रुपवर लिहिलं, 'हेमाची रेकॉर्डिंग कोणाकडे असतील तर पाठवा.' खाली नाव लिहायचं विसरलो. महिन्यापूर्वी वारलेल्या बाईचा मेसेज आला म्हटल्यावर नियमांचं कोणाला भान राहिलं नाही. 'ओ माय गॉड' असं वल्लरी नावाच्या मुलीनं तीनदा लिहिलं. मी लगेच खुलासा केला, 'मी तिचा नवरा, ज्ञानदेव. माझ्याकडची चुकून पुसली.' मग सगळे भरभरून बोलले. नक्की शोधतो. तो तर ठेवाच आहे. ताईंचा आवाज अजून कानात आहे.

कानात होता तो माझ्या कामाचा नव्हता. दोन दिवस झाले, एक फाईल आली नाही. त्याऐवजी श्राव्य समीक्षा ही लिखित समीक्षेपेक्षा दुय्यम की कसं, यावर वाद सुरू झाला. तिसऱ्या दिवशी ॲडमिनचा फोन आला. सलिल, कोथरूडचा, आर्किटेक्ट.

"काका, आम्ही ताईंसाठी ऑनलाइन स्मृतिसभा घेतोय. रविवारी पाच वाजता. 'हेमाताईंचा आवाज' असा विषय आहे."

"आवाज मिळाला का?"

"त्यावरच बोलणार आहेत सगळे."

त्याच दुपारी वल्लरीनं मला वेगळा मेसेज केला. ही खराडीलाच कुठल्याशा कंपनीत आहे. 'काका, खरं सांगू? आंटींची रेकॉर्डिंग्ज मी कधी डाउनलोडच केली नाहीत. लाँग असायची ना. आता दाबलं तर येतंय, ही फाईल उपलब्ध नाही. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. सो सॉरी.'

मी लिहिलं, 'सांगतो.'

तेजसला विचारल्यावर त्यानं नीट समजावलं. फाईल आली की तिच्यावर बाण असतो. त्या वेळी ज्यानं बाण दाबला त्याच्याकडे ती उतरते. ज्यानं नाही दाबला त्याच्यासाठी काही दिवसांनी ती जाते. म्हणजे प्रश्न एवढाच होता की एक्केचाळीस जणांपैकी बाण कोणी दाबला.

हे काम मला येत होतं. हेमाच्या फोनवर फाइली गेल्या तरी ग्रुपमधल्या नोंदी होत्या. फाईल किती मिनिटांची, किती वाजता गेली, कोणाची दाद किती वाजता आली. मी दोनशे पानी वही घेतली, रेघा आखल्या आणि चार वर्षं उतरवून काढली. नऊ दिवस पुरलं असतं असं काम मी चार दिवसांत केलं, कारण रविवार आला होता.

सभेला एकोणीस चौकोन दिसत होते. पहिले बोलले बद्रीनाथ सर, लोणी काळभोरच्या कॉलेजात शिकवतात.

"हेमाताईंच्या आवाजात एक मौन होतं," ते म्हणाले. "शब्दांमधल्या मोकळ्या जागा त्या बोलू द्यायच्या."

हेमा मोकळी जागा सोडत नसे. मधे श्वाससुद्धा ती घाईत घ्यायची. मग सलिल बोलला, अजून दोघं बोलले, सगळ्यांना मौन आवडलं होतं. शेवटी मला म्हणाले, काका, दोन शब्द.

"मला एकच विचारायचंय," मी म्हणालो. "कोणाकडे एक तरी फाईल आहे का?"

सलिल म्हणाला, "काका, फोन बदलतात, डेटा जातो."

मी वही उघडली. "तीन ऑगस्ट. रेकॉर्डिंग एकोणीस मिनिटांचं. पाठवलं चार अकराला. सलिल, तुमचं 'अप्रतिम' चार बाराला."

"ती... उत्स्फूर्त दाद होती, काका."

"सतरा नोव्हेंबर. एक्केचाळीस मिनिटांचं. बद्रीनाथ सरांनी दुसऱ्या मिनिटाला लिहिलं, 'शेवट विशेष भावला.'"

"मी अनेकदा शेवटापासून सुरुवात करतो," सर म्हणाले. "ती एक वाचनपद्धती आहे."

"सर, प्लीज," वल्लरी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं, आणि मग एकदम आवरलं. "काका, तुम्ही ऐकायचात?"

तेवढं मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "मी आत भात गरम करत असायचो."

यानंतर सलिलचं नेट गेलं. सभा संपली. सोमवारी ग्रुपवर नवा नियम आला, क्रमांक बारा. 'श्राव्य समीक्षेला दाद देण्यापूर्वी किमान वीस मिनिटं थांबावे.' ऐकावे असं त्यात नव्हतं. त्यावर तेवीस जणांनी अंगठा दाखवला, पहिला त्याच मिनिटाला.

मी वही पुन्हा काढली. सभेसाठी मी फक्त लवकर येणारे शोधले होते. कंपनीतही आम्ही फक्त लबाडी करणारे पकडायचो, जो नियमानं येतो त्याच्याकडे कोण बघतं? या वेळी उशिरा येणारे पाहिले. एकच नाव होतं. एकोणीस मिनिटांच्या फाईलला पस्तीस मिनिटांनी. बावीसच्याला पन्नास मिनिटांनी. एक्केचाळीसच्याला दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्यात लिहिलं होतं, 'आपण सव्विसाव्या मिनिटाला स्वतःचंच म्हणणं खोडून काढता. साफ चूक.'

मी नंबर फिरवला.

"कोण?"

"मी ज्ञानदेव. हेमाचा नवरा."

"नावावरून कळलं. बोला."

"तिची रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेत का?"

"आहेत. दोनशे नऊ. तीन अर्धवट आली, ती मी धरलेली नाहीत."

मी वही मिटली. "पाठवता का?"

"नाही. पाठवलेलं कोणी ऐकत नाही. गुरुवारी अकराला या."

हडपसरच्या गाडीतळावरून बस धरून मी पावणेअकरालाच पोहोचलो. त्यांनी दार उघडून आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सडसडीत म्हातारा, पायजम्यावर स्वेटर. माणूस एकटाच राहतो हे भांड्यांच्या मांडणीवरून कळलं, एकच कप, एकच बशी. त्यांनी माझ्यासाठी दुसरा कप कपाटातून काढून धुतला.

कॉम्प्युटरवर एक फोल्डर होता. त्याचं नाव 'चुका'.

"चुका?" मी म्हणालो.

"मग काय नाव द्यायचं? स्तोत्रं?" ते म्हणाले. "हे बघा, प्रत्येक फाइलीखाली माझं उत्तर आहे. पेन ड्राइव्हवर मी दोन्ही देणार. एकतर्फी द्यायचं नाही. आणि उत्तरं तुम्ही पुसायची नाहीत. तुमचा लौकिक ऐकून आहे मी. वल्लरीनं सांगितलं."

"नाही पुसणार. पण तुम्ही ग्रुप का सोडलात?"

"राहून काय करू? अप्रतिम लिहू?"

त्यांनी शेवटची फाईल लावली. दवाखान्यात न्यायच्या दोन दिवस आधीची. ती विहिरीची.

"नमस्कार," हेमा म्हणाली. "श्यामसुंदरराव, तुमचं मागचं उत्तर वाचलं. नेहमीप्रमाणे लांब आणि चूक. तो माणूस पाण्यासाठी खणतच नाहीये हो..."

श्यामसुंदरराव खिडकीतून बाहेर बघत होते. ती बोलत राहिली, श्वास न घेता. नवव्या मिनिटाला मागून दाराचा आवाज आला आणि एक माणूस म्हणाला, "अगं, भात परत गार झाला. कोण ऐकतंय तुझं हे सगळं?"

तो मी होतो.

"एक जण ऐकतो," हेमा म्हणाली.

"कोण?"

"तो नारायण पेठेतला. मूर्ख आहे, पण शेवटपर्यंत ऐकतो. तुम्ही जेवून घ्या." आणि लगेच, "हं, तर विहीर."

श्यामसुंदररावांनी ते थांबवलं नाही. त्यांनी ते आधी किती वेळा ऐकलं असेल, हे मी विचारलं नाही. सतरा मिनिटं झाली, फाईल संपली. त्यांनी खणातून चार कागद काढले.

"याचं उत्तर लिहिलं होतं. पाठवायचं राहिलं."

"वाचा," मी म्हणालो.

त्यांनी वाचलं. अकरा मिनिटं. मला फार कळलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "काय वाटतं?"

"ती म्हणाली असती, साफ चूक."

"ते म्हणाल्याच असत्या. कुठे चूक?"

"सिनेमा मी बघितलेला नाही."

"मग सिनेमा बघा," ते म्हणाले आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. "न बघता मत देणाऱ्यांसाठी एक ग्रुप आहे. सलिलला सांगतो, घेतील तुम्हाला."

तेजसनं शनिवारी येऊन तो सिनेमा टीव्हीवर लावून दिला. सुरू झाला चार अकराला, संपला सहा सतराला. मी जागचा उठलो नाही. भात लावायचा राहिला. माणूस खणतो, माती वर येते, परत खणतो. दीड तासानं तो शिडी विहिरीत आत ओढून घेतो, तेव्हा तो पाण्यासाठी खणत नाही असं हेमा का म्हणत होती ते मला एकदम कळलं. मी तिची फाईल पुन्हा ऐकली, त्यांचं उत्तर पुन्हा वाचलं आणि फोन लावला.

"कोण?"

"ज्ञानदेव. तुमचं चुकलंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कागद चाळल्याचा आला.

"कितव्या मिनिटाला?" त्यांनी विचारलं.